वेतोबा क्लबाने मॅनेजर कसा निवडला

भटवाडी, घाटकोपर
रविवार, १० ऑगस्ट १९८६

तीर्थरूप जयवंत भावोजी यांच्या सेवेशी,

धोंडिरामचा साष्टांग नमस्कार. (आमच्या खोलीत आडवा झालो तर पाय मोरीत जातात, तेव्हा प्रत्यक्षात बसूनच घातला आहे. मनाने मात्र पूर्ण आडवा झालो आहे, असं धरून चालावं.) इकडे आईचे गुडघे आणि माझा स्वभाव सोडला तर सर्वांचं बरं आहे. तुमची पाठ कशी आहे? शेवंतीताईचा खोकला गेला का? गेल्या वर्षी लावलेली काजूची कलमं धरली का? शेजारच्यांची गुरं अजून कुंपण मोडून येतात का? एवढ्या चौकशा एकदम कशा, असं तुम्हाला वाटेल. तीन महिने पत्र लिहिलं नाही, त्यामुळे त्या साचल्या आहेत. पत्रास मुद्दाम असं कारण काही नाही. रविवार आहे, सुगंधा माहेरी गेली आहे आणि आंतरदेशीय पत्रं घरात पडून होती.

तुमच्या कानावर घालायचं ते एवढंच, की तुम्ही गेल्यापासून आपल्या वेतोबा फुटबॉल क्लबाची भरभराट चालू आहे. अकरा वर्षं तुम्ही मॅनेजर होतात आणि अकरा वर्षं आम्ही उपनगर लीगमध्ये कधी चौथे, कधी तिसरे आलो. ही मरगळ आता पूर्ण गेली. सध्या आम्ही शेवटचे आहोत आणि आमच्याखाली कुणीच नसल्यामुळे आम्हाला कुणाची भीती नाही. (आपला देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला नवीन चपला वाहतात. त्याचंच नाव लावणाऱ्या क्लबात मात्र अकराजणांत बुटांचे नऊ जोड आहेत. देवाने यात लक्ष घालावं असं मला फार दिवस वाटतं आहे.)

तुम्हाला का काढलं हे तुम्हाला ठाऊक आहे, पण कमिटीने ते इतिवृत्तात कसं नोंदवलं ते ठाऊक नसेल. मीच चिटणीस, मीच लिहिलं, म्हणून सांगतो. "एप्रिलमध्ये लीगच्या शेवटच्या सामन्यात मॅनेजरांनी संघाचा सर्वोत्तम खेळाडू सहदेव यास केवळ पाच मिनिटं उशिरा आला म्हणून बाहेर बसवलं. संघ एका गोलने हरला. सहदेव हा मॅनेजरांचा सख्खा मेहुणा असून, जो माणूस स्वतःच्या मेहुण्याचा होत नाही, तो क्लबाचा काय होणार." त्यावर मतदान झालं. तुम्हाला काढावं म्हणून सहा हात वर झाले आणि ठेवावं म्हणून पाच. माझा हात कुठे होता हे मी लिहीत नाही, कारण तुम्ही समोरच बसला होतात. घरी आल्यावर आईने माझं कौतुक केलं, सुगंधाने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि सहदेव बूट पुसत बसला. तो एरवीही फार बोलत नाही.

तर आता मूळ विषय. फुटबॉल क्लबाने नवा मॅनेजर कसा निवडावा? हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या क्लबांना पडत असेल, पण तो इतक्या शास्त्रशुद्ध पद्धतीने सोडवणारा आपला एकमेव असावा. पहिल्याच बैठकीत अध्यक्ष तात्यांनी सांगितलं, की मागच्या मॅनेजरांचे दोष नीट तपासावे आणि ते ज्याच्यात नाहीत असा माणूस शोधावा. तुमचा सर्वांत मोठा दोष असा निघाला, की तुम्हाला फुटबॉल कळत होता. त्यामुळे कमिटीच्या कुठल्याही सूचनेवर तुम्ही "पण त्याने होणार काय?" असं विचारत होतात. दुसरा दोष म्हणजे धावणाऱ्याला तुम्ही खेळवत होतात आणि न धावणाऱ्याला बसवत होतात, मग तो कुणाच्याही घरचा असो. गावात पालखीपुढे कोण, मागे कोण, नारळ कुणाच्या हातात आधी पडतो, हे सगळं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असताना तुम्ही इथे मानकऱ्यांच्या मुलांना बाकावर बसवलंत. हे लोकांनी अकरा वर्षं सहन केलं, यातच त्यांचा मोठेपणा.

मला स्वतःला या सगळ्यात एकाच गोष्टीची काळजी होती आणि ती तुमच्यापाशी लपवण्यात अर्थ नाही. संपानंतर बाबांची गिरणी उघडली नाही ती नाहीच. तुमचीही नाही. सहदेव चोविसाव्या वर्षात आहे, दहावी आहे, आणि त्याला मिळाली तर खेळाडूंसाठी ठेवलेल्या जागांपैकीच एखादी नोकरी मिळेल, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. कारखान्यांचे साहेब लीगच्या सामन्यांना येतात, मॅनेजरकडे चौकशी करतात, त्याच्या शब्दावर मुलाला बोलावतात. म्हणजे मॅनेजर बरा असणं ही आमच्या घरची गरज होती. कमिटीपुढे मी तसं म्हटलं नाही, कारण चिटणिसाने तटस्थ असावं अशी अपेक्षा असते.

पहिला अर्ज आला तो चंदरचा. हा ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातला. याची आई सखुबाई घाटकोपरच्या बाजारात मासळी विकते, म्हणून हा रोज इकडे असतो. दहा वर्षं गोलकीपर म्हणून खेळला, गुडघा गेल्यावर गावच्या मुलांना शिकवायला लागला. अर्जात त्याने लिहिलं होतं, की मुलं सकाळी सहाला आली पाहिजेत, पैसे काही नकोत, फक्त संघ मी निवडणार. कमिटीने अर्ज दोनदा वाचला आणि कुणालाच त्यात खोट सापडेना, तेव्हा सगळे अस्वस्थ झाले. शेवटी तात्यांनी खोट काढली. "माणूस बरो हा, पण आपलो नाय." अर्ज एकमताने नामंजूर झाला. मीच चंदरला बाजारात जाऊन सांगितलं. तो पापलेटांवर पाणी मारत होता. म्हणाला, "काय यार धोंडू, तुमच्यात बॉल गाव विचारून पायाशी येतो काय?" मी क्लबाच्या वतीने खेद व्यक्त केला आणि बांगडे मागितले. सखुबाईने मात्र त्या दिवशी मला बांगड्यांचा वाटा देताना वरचा एक काढून घेतला.

दुसरा उमेदवार नंदकिशोर, खजिनदारांचा मुलुंडचा जावई. याची योग्यता अशी, की त्याच्याकडे रंगीत टीव्ही आहे. जूनमध्ये मेक्सिकोहून वर्ल्ड कपचे सामने दाखवले, तेव्हा त्याने सगळ्या कमिटीला सासऱ्यामार्फत घरी बोलावलं, सोफ्यावर बसवलं आणि मध्यंतरात बटाटेवडे दिले. सामना संपेपर्यंत निम्म्या कमिटीचं मत झालं, की याला फुटबॉलची जाण आहे. मुलाखतीला येताना तो वही घेऊन आला. वहीत त्याने ठिपके काढले होते. मागे तीन, मधे पाच, पुढे दोन, पश्चिम जर्मनीसारखं. तात्यांनी बोटांवर मोजून पाहिलं आणि ही बेरीज दहाच होते असं निदर्शनास आणलं. नंदकिशोर म्हणाला, गोलकीपर यात धरत नाहीत. आता आपला गोलकीपर धाकट्या मानकऱ्यांचा बाळा हा कमिटीत आहे आणि तो तिथेच बसला होता हे नंदकिशोरला माहीत नव्हतं. "म्हणजे मी मोजण्यातच नाही?" असं म्हणून बाळा उठला. त्याचं मत तिथेच दुसऱ्या पक्षाला गेलं, त्याच्या मागोमाग त्याच्या दोन चुलत्यांची मतं गेली. पश्चिम जर्मनी फायनलमध्ये हरली हे पुढे धाकूबुवांनी उत्तम वापरलं.

धाकूबुवा म्हणजे आपल्या भजनी मंडळाचे बुवा, हे तुम्हाला सांगायला नको. गिरणीत कामगारांवर जॉबर होते, आवाज असा की चार खाती ओलांडून जायचा. फुटबॉलविषयी त्यांना एकच गोष्ट पक्की माहीत होती, "बॉलाक हात लावूचो नाय", आणि तीही मेक्सिकोत हाताने झालेल्या एका गोलानंतर डळमळीत झाली होती. पण ते आपल्या गावचे, त्यांचं घर मानाचं आणि माणसं ताब्यात ठेवण्याची त्यांना सवय. एखादा टाळकरी बेताल झाला तर त्याला नजरेने गार करतात. मतदान झालं. पाच हात बुवांना, पाच नंदकिशोरला. अकरावं मत माझं. मी म्हटलं, माझा खांदा दुखतो, मी हात वर करणार नाही. (खांदा एप्रिलपासून दुखतो आहे. डॉक्टरला दाखवलेला नाही.)

आता कोंडी फुटणार कशी? दुसऱ्या एखाद्या क्लबाने चिठ्ठ्या टाकल्या असत्या किंवा नाणं उडवलं असतं. एकाने तर दोघांना प्रत्येकी एक सामना देऊन पाहावं असंही सुचवलं, पण ही सूचना फारच सरळ असल्यामुळे तिला अनुमोदक मिळाला नाही. मग बाळाच्या मोठ्या चुलत्याने तोडगा काढला, की डबल बारी लावावी. भावोजी, मी शपथेवर सांगतो, कुणीही हसलं नाही. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातून जवाब द्यायचा, अडखळला तो हरला. आपल्याकडे मोठमोठे वाद असे मिटले आहेत. फुटबॉलचा मॅनेजर हा त्यामानाने किरकोळ विषय. आणि खरोखर, कमिटीचं म्हणणं असं होतं, की ज्याला आयत्या वेळी जवाब सुचतो त्याला आयत्या वेळी खेळाडू बदलणंही सुचेल. त्या क्षणी मलाही ते पटलं होतं. इतक्या लोकांमध्ये बसलं की काहीही पटतं, हे तुम्ही अनुभवलंच आहे.

तेरा जुलैच्या रविवारी दुपारी तीनला चाळीच्या पटांगणात बारी लागली. नंदकिशोरला गाता येत नाही, तेव्हा त्याने मुलुंडहून एक बुवा आणला. त्या बिचाऱ्याला हे सत्यनारायणानिमित्त आहे असंच सांगितलं होतं. मॅनेजरपदाचं कळल्यावर त्याने पेटी बंद केली आणि चहा मागितला. पण कलाकार जातिवंत. एकदा बसला तो असा रंगला, की गजराच्या वेळी आपल्याकडची माणसंही त्याच्या बाजूने टाळ्या वाजवू लागली. मध्यंतरात तात्यांनी त्या बुवालाच मॅनेजर करावं अशी सूचना मांडली. तिला अनुमोदनही मिळालं. पण चौकशी करता तो पलीकडच्या तालुक्यातला निघाला आणि आपण वाचलो.

शेवटचा सवाल धाकूबुवांचा. त्यांनी डोळे मिटून, पखवाजाला थांबवून विचारलं, की गोकुळातली मुलं यमुनेकाठी खेळत असताना कृष्णाने चेंडू उडवला आणि तो कालियाच्या डोहात गेला, तर पुढचा थ्रो कुणाचा? मुलुंडचा बुवा अडखळला. त्याने सगळी पुराणं मनात चाळली असावीत, कारण त्याच्या कपाळावर घाम आला. मग धाकूबुवांनी स्वतःच वरच्या पट्टीत जवाब दिला, की शेवटचा पाय कृष्णाचा, म्हणून थ्रो कालियाचा. भावोजी, जवाब नियमाप्रमाणे बिनचूक होता. मला वाटतं बुवांना फुटबॉलचा तेवढा एकच नियम कुणीतरी आदल्या दिवशी शिकवला होता. पण लोक उठून उभे राहिले, तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि वेतोबा क्लबाला मॅनेजर मिळाला.

बुवांची कारकीर्द चार आठवड्यांची आहे, पण अकरा वर्षांत तुम्हाला सुचलं नाही ते त्यांनी केलं. सर्वप्रथम मानाप्रमाणे जागा वाटल्या. मानकऱ्यांची मुलं पुढे, कारण मानाची माणसं मागे उभी कशी राहतील? बाकीचे त्यांच्या मागे. आपल्या घराकडे गावात पालखीमागे अब्दागिरीची छत्री धरण्याचा मान, तेव्हा सहदेव, जो डाव्या बाजूने वाऱ्यासारखा पळतो, तो आपल्याच गोलपाशी उजवीकडे उभा. मध्यंतरातलं लिंबाचं सरबतही मानाप्रमाणे. ते पुढच्यांपासून सुरू होतं आणि गोलकीपरपर्यंत पोचेतो पातेलं रिकामं होतं. (बाळा धाकट्या मानकऱ्यांचा असूनही गोलकीपरच राहिला, कारण दुसऱ्या कुणाला पडायची सवय नाही. तो आता घरून बाटली आणतो.) सरावाला टाळ असतात. ताल चुकला तर पास चुकतो, असं बुवांचं म्हणणं आहे. सहदेव रोज सकाळी सहाला टेकडीवर एकटा पळून येतो आणि मग नऊला टाळांच्या सरावाला जातो. मी त्याला म्हटलं, कशाला रे दोनदा? तो म्हणाला, "सकाळचा भावोजींचा आहे."

आणि आता गेल्या रविवारचा सामना. समोर ट्रॉम्बेचा संघ. त्यांचा मॅनेजर कोण, तर चंदर. आपण नामंजूर केल्यावर तो त्यांच्या मोठ्या संघाचा मॅनेजर झाला. मैदान आपलंच, टेकडीच्या पायथ्याचं, तो उतार तुम्हाला माहीत आहे. नाणेफेक त्यांनी जिंकली, म्हणून आपला गोल खालच्या बाजूला आला. रेफरी अंधेरीचा, नवा मुलगा, घड्याळ हातात धरून उभा. त्याने शिटी तोंडाला लावली आणि बुवा नारळ घेऊन मैदानात आले. वेतोबाला गाऱ्हाणं घालायचं राहिलं होतं.

तुम्ही मॅनेजर असताना गाऱ्हाणं घरी घालून यायचा, एका मिनिटाचं. बुवांनी आपल्या गोलसमोर अकराच्या अकराजणांना हात जोडून रिंगणात उभं केलं आणि सुरुवात केली. "हे बा वेतोबा म्हाराजा, आज ह्या घाटकोपराच्या मैदानात तुजी लेकरां तुका शरण इली हत." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग गावच्या सीमेवरचे देव आले, मग वाडीवाडीचे, मग बुवांनी मुंबईतले घ्यायला सुरुवात केली. रेफरीने दोन मिनिटं वाट पाहिली. तिसऱ्या मिनिटाला तो बुवांकडे आला आणि म्हणाला, काका, वेळ झाली. बुवांनी डोळे न उघडता त्याचाही समावेश केला, "ह्या रेफ्रीक चांगली बुद्धी दी." "व्हय म्हाराजा." चौथ्या मिनिटाला त्याने शिटी वाजवली.

ट्रॉम्बेच्या मुलांचा आधी विश्वास बसेना. त्यांच्या पुढच्या पोराने चंदरकडे पाहिलं. चंदरने रेफरीकडे पाहिलं. रेफरीने खेळा अशी खूण केली. मग त्या पोराने, आपण देवळात आहोत अशा बेताने, चेंडूला नुसती टोचणी दिली. पुढचं काम उताराने केलं. चेंडू सावकाश, कुणाला धक्का न लावता, रिंगणाला वळसा घालून आपल्या गोलकडे निघाला आणि बुवा म्हणत होते, "येणारा संकट आल्या वाटेन परत धाड." तेव्हा एकाच माणसाने हात सोडले. सहदेव रिंगणातून सुटला, धावला आणि अगदी रेषेवर, पडून, त्याने चेंडू बाहेर मारला. उठला आणि बाकीच्यांना ओरडला, "अरे खेळ सुरू झालाय." त्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवांचा एक देव राहिला होता. ट्रॉम्बेने कॉर्नर घेतला आणि गोल केला. चेंडू शेजारून गेला तेव्हा बाळाच्या तोंडून निघालं ते "व्हय म्हाराजा"च.

सहा-शून्यने हरलो. बाकीच्या पाच गोलांत सांगण्यासारखं काही नाही, ते सरळ फुटबॉलने झाले. सामना संपल्यावर मैदानातच कमिटीची बैठक भरली. पराभवाचं कारण एकमताने असं ठरलं, की गाऱ्हाणं अर्धवट मोडलं. ते कुणी मोडलं? सहदेवने. त्याला कारणे दाखवा नोटीस द्यावी, तिचा मसुदा चिटणिसाने करावा. तो मसुदा या क्षणी माझ्या डाव्या हाताला आहे आणि हे पत्र उजव्या. पुढच्या सामन्याला अर्धा तास आधी जमायचं आणि मुंबईतले देव वगळायचे, असाही ठराव झाला. सुधारणा होत नाही असं कुणी म्हणू नये.

तर एकंदरीत असं आहे. मॅनेजर निवडावा तर असा. त्याला गाता यावं, त्याचं गाव एक असावं, घर मानाचं असावं आणि खेळ त्याच्या बुद्धीच्या आड येऊ नये. तुमच्यावाचून आमचं काही अडलेलं नाही, हे कळवताना मला आनंद होत आहे. चतुर्थीला सगळे गावी येऊच. तेव्हा तुमच्याकडे यायचं की नाही हे मी ठरवलेलं नाही, कारण तुम्ही दारात उभं कराल की नाही हे मला माहीत नाही. ताईस नमस्कार सांगावा. कलमांना पाणी नियमित घालावं. पत्र मोठं झालं, दुसरं आंतरदेशीयही भरत आलं, म्हणून इथे हात आवरतो.

आपला मेहुणा आणि (अजून तरी) चिटणीस,
धोंडिराम

ता. क. येताना पाच किलो उकडे तांदूळ आणायचे की तुम्ही मुंबईकडे कुणाबरोबर धाडणार, ते कळवावं. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच होतं.

ता. क. २. वरचं खोटं आहे. त्या सामन्याला चेंबूरकडच्या एका कारखान्याचे साहेब आले होते, ट्रॉम्बेची मुलं बघायला. त्यांच्याकडे खेळाडूंसाठी दोन जागा आहेत. सामना संपल्यावर ते आमच्या बाजूला आले आणि तो रिंगण सोडून धावलेला मुलगा कोण, असं विचारलं. मी म्हटलं, माझा भाऊ. याला शिकवलं कुणी? मी म्हटलं, आधीच्या मॅनेजरांनी. ते कुठे आहेत? काढलं. का? मी सांगितलं, याच मुलाला उशिरा आला म्हणून शेवटच्या सामन्याला बसवलं. साहेब हसले. धाकूबुवा मधे पडून म्हणाले, मी आताच शिफारस लिहून देतो. साहेबांनी हात जोडले आणि मला बाजूला घेतलं. "ज्याने त्याला बसवलं, त्याची चिठ्ठी आणा. मुलगा कसा आहे ते त्यालाच माहीत असणार. महिनाअखेरपर्यंत." भावोजी, आम्ही ज्या कारणासाठी तुम्हाला घालवलं, त्याच कारणासाठी ते तुमच्या शब्दावर थांबले आहेत. मला हे लिहायची लाज वाटते. वरची सहा पानं मी ही ओळ टाळायला लिहिली. सहदेवने मला सांगितलं आहे, की भावोजींना विचारू नकोस, आपलं तोंड नाही. त्याचं बरोबर आहे. तरी मी विचारतो आहे. चार ओळी लिहा, पण खरं लिहा, गोड नको. तो उशिरा आला होता, तेही लिहा.

ता. क. ३. आता राहिलं ते. तो उशिरा का आला, हे तुम्हाला माहीत नाही. त्या शनिवारी दुपारी गल्लीत रॉकेलची गाडी आली होती. रांगेत मी उभं राहायचं होतं. अर्ध्या दिवसाची सुट्टी होती, जेवून डोळे जड झाले होते, म्हणून मी त्याला म्हटलं, जा तू, तीनपर्यंत होईल. तीनला झालं नाही. तो डबा भरल्याशिवाय निघाला नाही, कारण मी सांगितलं होतं. चार वाजून पाच मिनिटांनी तुमच्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या हातांना वास येत असणार. बैठकीत त्याच्यावरून तुमच्यावर चर्चा चालली होती, तेव्हा मी इतिवृत्त लिहीत होतो आणि हे एक वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. परवा मी त्याला विचारलं, तू तरी भावोजींना का सांगितलं नाहीस? तो म्हणाला, "त्यांनी का म्हणून विचारलं नाही, किती वाजले म्हणून विचारलं." तुम्ही बरोबरच विचारलंत, मॅनेजरने तेवढंच विचारायचं असतं. पण साहेब का म्हणून विचारतील. चिठ्ठीत कारणापुढे माझं नाव लिहा, आडनावासकट. मला चालेल.